मिरची कोणाची, चॉकलेट कोणाचं?



डिसेंबर सुरू झाला की दक्षिण जर्मनीतल्या ट्युबिंगन गावात ‘चोकोलार्ट’ हा चॉकलेट महोत्सव भरतो. टाउन हॉलवर १५११ सालचं खगोल घड्याळ आहे. त्याच्यासमोरच्या चौकात आणि आजूबाजूच्या दगडी गल्ल्यांत देशोदेशीचे चॉकलेटवाले तंबू थाटतात. संध्याकाळी जुन्या इमारतींवर रंगीत दिवे पडतात आणि गल्लीभर भाजलेल्या कोकोचा वास दरवळतो.

गेल्या खेपेला आम्ही सहकुटुंब गेलो होतो. एका तंबूत मिरची घातलेलं गरम चॉकलेट मिळत होतं. लेकीनं एक घोट घेतला, नाक ओढलं आणि विचारलं, “बाबा, चॉकलेट जर्मनांचं आणि मिरची आपली, हो ना?”

मी ‘हो’ म्हणणारच होतो. मग थांबलो. कारण खरं उत्तर असं आहे, की दोन्ही मूळचे एकाच मुलखातले.

मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून, त्यात मिरची घालून फेसाळ, कडू पेय करत. त्याच बिया बाजारात नाण्यासारख्या चालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी कोको युरोपात नेला आणि पोर्तुगीजांनी मिरची गोव्याच्या किनाऱ्याला आणली. आपण जुन्या ‘मिऱ्या’वरून तिला नाव दिलं आणि ती घरचीच झाली. साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळे अमेरिका खंडातून आलेले, आणि आपण ती खातो उपवासाला!

मग जर्मनी चॉकलेटचा देश कसा झाला? इथे कोको पिकत नाही, ऊसही नाही. मी कन्सल्टिंगमधला माणूस, त्यामुळे कुठलाही माल दिसला की आधी त्याची सप्लाय चेन शोधतो. इथली पहिली कडी आहे बीट. १७४७ साली बर्लिनमध्ये आंद्रेयास मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञानं बीटमधली साखर उसाच्याच साखरेसारखी असल्याचं दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड यानं १८०१ च्या सुमारास सायलेशियात बीट साखरेचा कारखाना काढला. पुढे नेपोलियनच्या नाकेबंदीत उसाची साखर मिळेना, तेव्हा बीटला भाव आला.

दुसरी कडी यंत्रांची. १८२८ मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्रानं कोकोतलं लोणी वेगळं करता येऊ लागलं. साखर स्वस्त, यंत्रं हाताशी. श्रीमंतांचं पेय हळूहळू सगळ्यांच्या खिशात आलं, आणि तेही अक्षरशः! स्टुटगार्टहून ट्युबिंगनला येताना वाटेत वाल्डेनबुख लागतं, रिटर कंपनीचं गाव. १९३२ साली क्लारा रिटर यांनी सुचवलं, की खेळाच्या जाकिटाच्या खिशात न मोडता मावेल अशी चौकोनी वडी करा. वजन तेवढंच, आकार मात्र बदलला. ती चौकोनी वडी आज आपण भारतात जाताना बॅगेत भरतो.

तिसरी कडी मात्र कडू आहे. कोको कुठून तरी आणावा लागतो. १८८४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत कॅमेरून ही जर्मन वसाहत होती. कॅमेरून पर्वताच्या उतारावरच्या बाक्वेरी लोकांच्या जमिनी हिसकावून तिथे कोकोचे मळे उभे केले गेले आणि माणसांना सक्तीनं राबवलं गेलं. साखरेचा इतिहासही याहून गोड नाही, आणि त्यात आपलीही माणसं आहेत. १८३४ पासून मुंबई बंदरातून मराठी माणसं गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. त्यांचे वंशज आज तिथे स्वतःला अभिमानानं मराठी म्हणवतात.

हे सगळं लेकीला सांगावं का, असा प्रश्न मला पडला. हातात गरम कप आहे, तोंडाला फेस लागलाय, आणि बाबा कुठे मळे नि मजूर घेऊन बसतोय! पण इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, “तू नक्की कुठली?” हे जर्मन, ते मराठी, अशा दोनच डब्यांत जग बसवलं, तर या प्रश्नापाशी ती अडखळतील. म्हणून सांगितलं, जमेल तेवढं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग पुढच्या तंबूपाशी जाऊन तिनं जर्मनमध्ये विचारलं, “या बिया कुठल्या देशातल्या? कोणी पिकवल्या?” तंबूवाल्या काकू खूश झाल्या. त्यांनी नकाशा काढून शेत दाखवलं. जगातला निम्म्याहून अधिक कोको आजही आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तिथल्या अनेक शेतकऱ्यांच्या हाती त्यातलं फार थोडं पडतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावाजवळ असा महोत्सव भरला तर जरूर जा. मुलांना मनसोक्त खाऊ द्या. फक्त एका तरी तंबूपाशी हा प्रश्न त्यांनाच विचारायला सांगा. आणि येत्या एकादशीला खिचडी कराल, तेव्हा घरी तोच प्रश्न पुन्हा काढा.