आठ जीबीचं कुलूप

"त्या काळ्या डब्यात माझे नायगराचे फोटो आहेत. तेवढे आधी काढून दे, मग काय ती मोडतोड कर," आत्या म्हणाली.

आत्याची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार म्हणून माळा रिकामा करायचं काम चाललं होतं. 'काळा डबा' म्हणजे मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, २००३ मध्ये एमएस करायला अमेरिकेत गेला. तिथे त्याने तो सेकंडहँड घेतला आणि २००८ मध्ये परत येताना बॅगेत घालून पुण्याला आणला. तो तिकडच्या ११० व्होल्टवर चालणारा, त्यामुळे सोबत विटेसारखा जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही आला. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या डब्यावर मी गेम खेळलो, सिनेमे पाहिले, आणि घरी पाहुणे आले की टीव्हीवर आत्या-काकांच्या २००६ च्या अमेरिका वारीचे फोटोही दाखवले. दादाचा लॅपटॉप पुढे कधीतरी मेला. फोटो उरले फक्त इथे.

डबा जोडला, सुरू केला. आतून टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज. हार्ड डिस्क हाताळलेल्या कुणालाही हा आवाज कळतो. डिस्क निरोप घेत होती. तिसऱ्या प्रयत्नात डबा सुरू झाला, आणि मी लगेच बंद केला. आता प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे जुगार होता.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? डिस्क काढायची, कॉम्प्युटरला जोडायची, फोटो कॉपी करायचे. मी रोज कोड लिहून पोट भरतो, मलाही आधी तसंच वाटलं. पण ही डिस्क कॉम्प्युटरला जोडली की ती गप्प बसते. 'मी आहे' एवढं सांगते, आतलं एक अक्षर देत नाही. कारण तिला कुलूप आहे, आणि त्याची किल्ली डब्याच्या मालकाला कधीच दिलेली नव्हती.

डबा की कॉम्प्युटर?

१५ नोव्हेंबर २००१ ला एक्सबॉक्स अमेरिकेत आला तेव्हा त्याची किंमत होती २९९ डॉलर. आत ७३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री घराण्यातला इंटेल प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप, ६४ एमबी मेमरी, इथरनेटचं पोर्ट. आणि तोवर कुठल्याही कन्सोलमध्ये कारखान्यातूनच बसवून येत नसलेली गोष्ट: हार्ड डिस्क. साधी, त्या काळच्या कुठल्याही पीसीत असायची तशी, आयडीई केबलवाली. बहुतेक डब्यांत ८ जीबीची, काहींत १० जीबीची, पण वापर ८ चाच.

डिस्कमुळे गेम डीव्हीडीवरून पुन्हा पुन्हा वाचावा लागत नसे, खेळ साठवायला वेगळं मेमरी कार्ड लागत नसे, गाण्यांची सीडी डब्यात उतरवून गेम खेळताना तीच गाणी लावता येत. थोडक्यात, हा टीव्हीखाली ठेवायचा पीसीच होता, आणि मायक्रोसॉफ्टची अडचणही तीच होती. कन्सोल तोट्यात विकायचा आणि पैसे गेममधून काढायचे, असा हा धंदा. लोकांनी २९९ डॉलरला पीसी म्हणून घेतला आणि एकही गेम विकत घेतला नाही, तर गणित बसत नाही. म्हणून या पीसीला 'पीसी नाही' असं वागायला लावणं भाग होतं. हे काम कुलपांनी केलं.

कुलूप कसं होतं

डिस्कचं कुलूप मायक्रोसॉफ्टने शोधलेलं नव्हतं. एटीए डिस्कना पासवर्ड लावायची सोय आधीपासून होती, प्रामुख्याने लॅपटॉप चोरीला गेला तर माहिती सुरक्षित राहावी म्हणून. एक्सबॉक्समध्ये हाच पासवर्ड लावला, फक्त तो कुणी ठरवायचा हे बदललं. मदरबोर्डवर २५६ बाइटची एक इवलीशी मेमरी आहे, ईईपीरॉम. तिच्यात प्रत्येक डब्याची वेगळी १६ बाइटची किल्ली असते. सुरू होताना डबा ती किल्ली घेतो, डिस्कचं मॉडेल आणि सीरियल नंबर घेतो, दोन्हींवर गणित करतो आणि पासवर्ड तयार करतो. तो दिला की डिस्क उघडते. वीज गेली की पुन्हा बंद.

म्हणजे या डब्याची डिस्क त्या डब्यात चालत नाही. आणि उलटही: बाजारातून नवी, बिनकुलपाची डिस्क आणून बसवली, तर डबा पडद्यावर ०५ हा आकडा दाखवून अडून बसतो. त्या ०५ चा अर्थ 'डिस्कला कुलूप नाही'! घराला कुलूप नाही म्हणून घरमालकालाच आत घेत नाहीत, असा प्रकार.

लॅपटॉपमध्ये हे कुलूप चोराला बाहेर ठेवायला होतं. इथे ते मालकाला बाहेर ठेवत होतं. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका बदलातून निघाला.

पाचशे बारा बाइट

कुलपांची ही साखळी एका टोकाला बांधलेली होती. डबा चालू झाल्यावर सगळ्यात आधी चालतो तो अवघ्या ५१२ बाइटचा कोड. या लेखाचा एक मध्यम परिच्छेदही ५१२ बाइटमध्ये मावत नाही. मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये त्या कोडचा एक फसवा नमुना मुद्दाम ठेवला होता. खरा कोड साउथब्रिज चिपच्या पोटात लपवलेला होता, आणि बाकी सगळं उलगडायची गुप्त किल्लीही तिथेच.

अँड्र्यू ह्वांग, टोपणनाव बनी, तेव्हा एमआयटीत पीएचडी करत होता. त्याच्या लक्षात आलं की कोड एका चिपमध्ये लपवला, तरी तो चालवायला प्रोसेसरपर्यंत जावाच लागणार, आणि ती वाट मदरबोर्डवरच्या उघड्या तांब्याच्या रेघांवरून जाते. त्या रेघा घासून, त्यांवर स्वतः बनवलेलं सर्किट बसवून त्याने जाणारे-येणारे बिट टिपले. किल्ली त्यात उघडीवाघडी चालली होती. हा डबा बाजारात येऊन काही महिनेच झाले होते.

मग प्रश्न आला: हे सांगायचं का? अमेरिकेत १९९८ पासून डीएमसीए नावाचा कायदा आहे. डिजिटल कुलूप फोडणं, फोडायचं साधन वाटणं, यावर त्यात बंदी आहे. विद्यापीठाने सुरुवातीला या कामाची जबाबदारी घ्यायला नकार दिला. पुढे डिजिटल हक्कांसाठी लढणारी ईएफएफ ही संस्था आणि त्याची प्रयोगशाळा पाठीशी उभी राहिली, आणि २००२ च्या मे महिन्यात त्याचा निबंध बाहेर आला. पुढच्या वर्षी 'हॅकिंग द एक्सबॉक्स' हे पुस्तक यायचं होतं, तर ठरलेल्या प्रकाशकाने कायद्याच्या भीतीने अंग काढून घेतलं. बनीने ते आधी स्वतः छापलं, मग दुसऱ्या प्रकाशकाने घेतलं. २०१३ मध्ये अ‍ॅरन स्वार्ट्‌झच्या आठवणीत ते पुस्तक सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. मी कॉलेजात असताना ते फोनवर वाचलं होतं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण 'हे आपणही उघडून बघू शकतो' ही भावना तिथूनच आली.

फॉन्टमधून शिरलेले लोक

मायक्रोसॉफ्टने किल्ली बदलली, तपासणीची पद्धतही बदलली. नव्या तपासणीत टीईए नावाची पद्धत वापरली. तिच्यातला दोष क्रिप्टोग्राफीच्या अभ्यासकांनी आधीच जाहीर केलेला होता: ठरावीक दोन बिट एकदम उलटे केले, तरी उत्तर तेच येतं. तीही पडली.

दरम्यान एक्सबॉक्सवर लिनक्स चालवून दाखवणाऱ्याला एकूण दोन लाख डॉलरचं बक्षीस लागलं होतं. देणाऱ्याचं नाव गुप्त होतं. २००३ च्या जानेवारीत कळलं की तो लिंडोज कंपनीचा मायकल रॉबर्टसन. अर्धी रक्कम खास होती: डब्याला सोल्डरिंग गन न लावता, निव्वळ सॉफ्टवेअरने हे करायचं.

मार्च २००३ मध्ये वाट सापडली, तीही एका जेम्स बाँडच्या गेममध्ये. 'एजंट अंडर फायर' हा गेम साठवलेला खेळ वाचताना त्यातला मजकूर किती लांब आहे हे नीट तपासत नसे. मुद्दाम बिघडवलेला 'सेव्ह' दिला की आपला कोड चालायचा. मग कळलं की डब्याचा मुख्य मेनू सगळ्या गोष्टींची सही तपासतो, पण अक्षरांचे फॉन्ट तपासत नाही. बाँडच्या वाटेने एकदा आत जायचं, डिस्कवर बिघडवलेले फॉन्ट ठेवायचे. मग डबा दर वेळी स्वतःहून दार उघडतो. याला सॉफ्टमॉड म्हणतात. दादाने होस्टेलवर हेच केलं होतं. त्याला फोन केला तर म्हणाला, "अरे, मी फक्त पायऱ्या वाचत गेलो. का चालतं ते मला आजही माहीत नाही."

लिनक्स प्रकल्पातल्या मायकल स्टाइलने पुढे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सतरा चुकांची यादी करणारा निबंध लिहिला. सुरक्षेचं काम करणाऱ्याने तो आजही वाचावा.

चोर आणि राखणदार

आता खरं बोलू. कुलूप फोडलेल्या डब्यांचा मोठा वापर फुकट गेम खेळायलाच झाला. दादाच्या डिस्कवरही विकत न घेतलेले गेम होते, आणि मी ते मजेत खेळलो. मायक्रोसॉफ्टची भीती काल्पनिक नव्हती.

पण त्याच फटीतून आणखी काही उगवलं. मोडलेल्या एक्सबॉक्सवर सिनेमे पाहता यावेत म्हणून काही हौशी लोकांनी २००२ मध्ये एक प्लेअर लिहिला. तोच वाढून एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झाला. २०१४ मध्ये त्याचं नाव बदलून कोडी झालं. हो, तुमच्या घरी कुणीतरी टीव्ही बॉक्सवर टाकलेलं तेच कोडी. प्लेक्सची सुरुवातही त्याच्याच एका फांदीतून झाली. आत्याचे फोटो पाहुण्यांना दाखवणारा प्रोग्राम हाच होता.

दुसरीकडे, १५ एप्रिल २०१० ला पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद झाली. कंपनीच्या दृष्टीने तो डबा संपला. डिस्क मात्र घरोघरी म्हाताऱ्या होत राहिल्या. आज त्या वाचवायची जी काही साधनं आहेत, ती सगळी त्या कुलूप फोडणाऱ्यांच्या कामावर उभी आहेत. चोरही तेच होते, राखणदारही तेच निघाले.

आपल्या कायद्याने ही बाजू थोडी शहाणपणाने पाहिली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-ए आलं. त्यात कुलूप तोडणं हा गुन्हा होण्यासाठी हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो. आत्याचे फोटो आत्यालाच देण्यात कुणाचा हक्कभंग, ते मला तरी सापडलं नाही.

शस्त्रक्रिया

डब्याच्या बुडाला सहा टॉर्क्स स्क्रू. चार रबरी पायांखाली, दोन स्टिकरखाली. ते सोडवण्याआधी डबा आणखी एकदाच चालू केला. टक्‌टक्‌ ऐकत दादाच्या जुन्या मेनूमधून ईईपीरॉमची प्रत काढली आणि नेटवर्क केबलने लॅपटॉपवर घेतली. २५६ बाइट. आता डिस्क मेली तरी किल्ली माझ्याकडे होती. बारा वर्षांत पहिल्यांदा हा डबा खऱ्या अर्थाने आमच्या घरचा झाला, असं वाटलं.

मग फोटो. दोनशेच्या आसपास फाइली, एकेक करून. मधे दोनदा डिस्क अडकली, दोन्ही वेळा पुन्हा चालली. शेवटचे अकरा फोटो आलेच नाहीत.

नंतर २४० जीबीची एसएसडी, म्हणजे मूळच्या तीसपट जागा. तिला आयडीईत बदलणारा छोटा अडॅप्टर, आणि जुन्या ४० तारांच्या केबलऐवजी ८० तारांची. डब्यावर एक छोटं लिनक्स सुरू केलं. तेच, ज्यासाठी कधीकाळी लाखांचं बक्षीस होतं. ते चालू असताना डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून त्या जागी नवी डिस्क लावली. जुनीवरून मूळ विभाग नवीवर उतरवले, उरलेल्या जागेचा नवा विभाग केला, आणि शेवटची पायरी: नव्या डिस्कला त्याच जुन्या किल्लीने कुलूप लावलं. मीच लावलं, कारण मूळ सॉफ्टवेअरला अजूनही बिनकुलपाची डिस्क चालत नाही. जाता जाता घड्याळाचा कपॅसिटरही काढून टाकला. या डब्यांत तो वयानुसार पाझरतो आणि बोर्ड खातो.

जुनी डिस्क काढली, झाकण लावायच्या आधी बटण दाबलं. टक्‌टक्‌ नाही. हिरवं अक्षर पडद्यावर आलं.

कुलूप आजही तेच आहे. फरक एवढाच की त्याच्या किल्लीची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे, एक दादाच्या मेलमध्ये, आणि एक आत्याच्या पेन ड्राइव्हवर, फोटोंच्या शेजारी. तिला सांगितलंय, ती छोटी फाइल पुसू नकोस.

नायगराचे फोटो तिला फोनवर पाठवले. बोटीवर सगळे निळ्या प्लॅस्टिकच्या रेनकोटमध्ये, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. आत्याने एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"यातली मी कुठली रे?" तिने विचारलं.