आधी कोणतं फील्ड?

सी भाषेत स्ट्रक्ट, म्हणजे अनेक फील्डचा एकत्र गठ्ठा, आला 1973 च्या सुमारास, बेल लॅब्जमध्ये. डेनिस रिची यांनी तो आणला आणि त्याच वर्षी युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्यानं लिहिला गेला. 1978 च्या कर्निघन-रिची पुस्तकातल्या सीमध्ये फंक्शनच्या आतला स्ट्रक्ट जाहीर करतानाच भरण्याची सोय नव्हती. एकेक फील्ड स्वतंत्र ओळीत भरायचं, त्यामुळे क्रम लिहिणाऱ्याच्या हाती असे.

हा क्रम भाषेनं आपल्याकडे घेतला तो सी++ मध्ये. 1979 साली बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी ओस्लोच्या सिम्युला भाषेतली क्लासची कल्पना सीशी जोडायला सुरुवात केली. त्यांनी वस्तू उभी करणारा कन्स्ट्रक्टर दिला आणि ती मोडणारा डिस्ट्रक्टरही दिला. सगळ्या कथेचं मूळ या दुसऱ्यात आहे. एका क्लासला कन्स्ट्रक्टर कितीही असू शकतात, डिस्ट्रक्टर मात्र एकच. नंतर उभं राहिलेलं फील्ड आधीच्यावर विसंबून असू शकतं, म्हणून मोडताना उलट्या क्रमानंच जायला हवं. प्रत्येक कन्स्ट्रक्टरनं आपापला क्रम लावला असता, तर कोणती वस्तू कोणत्या क्रमानं उभी राहिली याची नोंद प्रत्येक वस्तूसोबत ठेवावी लागली असती. म्हणून नियम ठरला: क्लासमध्ये फील्ड ज्या क्रमानं जाहीर केली, त्याच क्रमानं ती भरली जातील. कन्स्ट्रक्टरच्या फील्ड भरणाऱ्या यादीत ती कशीही मांडा.

फसगत होते ती इथेच. क्लासमध्ये ‘जागा’ आधी आणि ‘माप’ नंतर जाहीर केलंय असं समजा. यादीत आपण आधी माप भरतो, मग त्या मापाची मेमरी मागून जागा भरतो. वाचताना सगळं बिनचूक दिसतं. प्रत्यक्षात जागा आधी भरली जाते, तेव्हा मापात कचरा असतो आणि त्या कचऱ्याएवढी मेमरी मागितली जाते. चाचणीत हे कधी निभावून जातं, कधी नाही. म्हणूनच हा दोष फार वाईट.

सी99 मध्ये नाव घेऊन फील्ड कोणत्याही क्रमानं भरता येऊ लागली. सी++20 नं ती सोय उचलली, पण जाहीर केलेल्या क्रमाची अट सोडली नाही. माझ्या मते ते योग्यच झालं.

तेव्हा माप हवं असेल तर फील्डकडून घेऊ नका, कन्स्ट्रक्टरला आलेल्या पॅरामीटरकडून घ्या. आणि क्रम चुकल्याची सूचना कंपायलरनं दिली, तर ती बंद करू नका.