कापूस बाजारातील वजने : खंडी, गाठ, मण आणि क्विंटलचा हिशोब

कापसाचा हमीभाव क्विंटलमध्ये जाहीर होतो. रुईचा दर खंडीत सांगतात, उत्पादनाचे अंदाज गाठींत येतात, गुजरातमधील भाव मणावर असतो आणि न्यूयॉर्कच्या वायदे बाजारातील भाव पौंडावर. पीक एकच, पण एकके पाच. त्यामुळे भाव ऐकताना गोंधळ होतो आणि विक्रीचा निर्णय चुकू शकतो.

सर्वांत जास्त होणारी गफलत पाहा. रुईचा दर ५५,००० रुपये खंडी आहे, असे समजा. क्विंटलमध्ये तो सुमारे १५,४६६ रुपये होतो. मग आपल्या कापसाला ७,२००–७,४०० रुपयेच का, असा प्रश्न साहजिकच पडतो. कारण खंडीचा दर रुईचा असतो, सरकीसह कापसाचा नव्हे. म्हणून कोणताही दर ऐकला की आधी दोन गोष्टी विचाराव्यात : दर कशाचा आहे? आणि किती किलोचा आहे?

एकके आणि त्यांचे किलोतील वजन

- १ क्विंटल = १०० किलो
- १ मेट्रिक टन = १,००० किलो = १० क्विंटल
- १ खंडी (रुई) = ७८४ पौंड = ३५५.६२ किलो, व्यवहारात ३५६ किलो धरतात
- १ गाठ (भारतीय) = १७० किलो रुई
- १ गाठ (अमेरिकी) = ४८० पौंड = २१७.७ किलो रुई
- १ मण (गुजरातमधील कापूस बाजार) = २० किलो
- १ पौंड = ४५३.६ ग्रॅम

यावरून १ खंडी म्हणजे सुमारे २.०९ गाठी आणि १ टन रुई म्हणजे ५.८८ गाठी किंवा २.८१ खंडी.

खंडी ३५५.६२ किलोचीच का?

हे वजन जुन्या मुंबई बाजारातून आले आहे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा होता. एरवी खंडी २० मणांची (५६० पौंड, सुमारे २५४ किलो), पण कापसाची खंडी २८ मणांची. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ पौंड. देशात दशमान वजनांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. तरी रुईच्या व्यापारात खंडी टिकून राहिली.

भाताची खंडी मात्र वेगळी. ती पायलीसारख्या मापावर मोजतात आणि तिचे वजन भागागणिक बदलते. कापसाच्या खंडीचा आकडा भाताला लावू नये. तसेच जुन्या कागदपत्रांतील ४० शेरांचा सरकारी मण ३७.३२ किलोचा होता. तो आजच्या २० किलोच्या मणाशी जुळत नाही.

खंडीच्या दरावरून कापसाचा अंदाजे भाव

पुढील दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही त्या दिवशीचे दर घालावेत.

१. रुईचा किलोचा दर काढा : ५५,००० ÷ ३५५.६२ = १५४.६६ रुपये.
२. एक क्विंटल कापसातून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि २ किलो घट धरा.
३. रुईची किंमत : ३४ × १५४.६६ = ५,२५८ रुपये.
४. सरकीची किंमत (३४ रुपये किलोप्रमाणे) : ६४ × ३४ = २,१७६ रुपये.
५. एकूण : ७,४३४ रुपये.

यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा जातो. उरलेल्या रकमेच्या आसपास तुम्हाला भाव मिळायला हवा. मिळणारा भाव त्याहून बराच कमी असेल, तर ओलावा, कचरा की उतारा, नेमके कशामुळे कमी केले ते विचारा.

रुईचा उतारा ३६ टक्के आणि सरकी ६२ किलो धरली, तर हीच एकूण किंमत ७,६७६ रुपये होते. म्हणजे या दरांना उताऱ्यातील प्रत्येक टक्का क्विंटलमागे सुमारे १२० रुपयांचा आहे.

उताऱ्याचा अंदाज घरीही घेता येतो. ढिगाच्या तीन ठिकाणांहून वाळलेल्या, स्वच्छ कापसाचे प्रत्येकी १०० ग्रॅमचे नमुने घ्या. हाताने सरकी वेगळी करून रुईचे वजन करा. तीन वजनांची सरासरी म्हणजे उताऱ्याची टक्केवारी.

गाठी आणि उत्पादकता

३४ टक्के उतारा धरल्यास एका गाठीला ५ क्विंटल कापूस लागतो (१७० ÷ ०.३४ = ५०० किलो). एक लाख गाठी म्हणजे १७,००० टन रुई. अमेरिकी अहवालातील आकडा भारतीय गाठींत आणण्यासाठी त्याला १.२८ ने गुणावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. सरकारी आकडेवारीत कापसाची उत्पादकता हेक्टरी किलो रुईत देतात, तर शेतकरी एकरी क्विंटल कापूस सांगतो. एकरी ८ क्विंटल कापूस म्हणजे ३४ टक्के उताऱ्याने २७२ किलो रुई, त्याला २.४७ ने गुणल्यास हेक्टरी सुमारे ६७२ किलो रुई. कापसाचे रुईत रूपांतर न करता हेक्टरी तुलना केल्यास शेतकऱ्याचे उत्पादन जवळपास तिप्पट भासते.

मण आणि पौंडाचे भाव

- गुजरातच्या मणाचा भाव × ५ = क्विंटलचा भाव. १,५०० रुपये मण म्हणजे ७,५०० रुपये क्विंटल. नंदुरबार, धुळे, जळगाव भागातून तिकडे माल नेताना यातून वाहतूक वजा करून तुलना करावी.
- न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो. सेंट × ७.८४ = खंडीचा भाव डॉलरमध्ये. ७० सेंट म्हणजे ५४८.८ डॉलर, डॉलर ८५ रुपये धरल्यास ४६,६४८ रुपये खंडी. हाही दर रुईचाच.

विक्रीच्या वेळी

वैध मापन कायदा, २००९ नुसार व्यवहारातील वजन आणि दर दशमान एककातच हवेत. बोलणे मणात किंवा खंडीत झाले, तरी पावतीवर किलो किंवा क्विंटल लिहून घ्या. गाडीचे भरलेले व रिकामे वजन आणि निव्वळ वजन वेगवेगळे नोंदवून घ्या. सौदा ठरण्यापूर्वी मणाचे किलो किती, हे तोंडी नव्हे तर लेखी ठरवा. पावतीवर सही करण्यापूर्वी वजन गुणिले दर हा हिशोब स्वतः करून पाहा.