एका नुरा कुस्तीची बखर

२९ मार्च १९८७ रोजी, रविवारी, अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळच्या पाँटिॲक या गावी एक कुस्ती झाली. कुस्ती म्हणजे आपल्या अर्थाची कुस्ती नव्हे. कोण जिंकणार हे आधी ठरलेले होते आणि लढणाऱ्यांना ते सांगितलेले होते. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि ती उघडकीस आली तर मल्लाला मैदानातून खाली मान घालून जावे लागते. तिकडे मात्र लोक हजारोंनी तिकिटे काढून आले, त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ती दूर बसून पैसे मोजून पाहिली, आणि जवळजवळ चाळीस वर्षे झाली तरी तिच्याविषयीचे लिहिणे-बोलणे संपलेले नाही. मीही त्यात भर घालीत आहे, आणि त्याला कारण माझे मामा.

मामा कोल्हापूरच्या एका तालमीत वाढलेले. शाहू महाराजांनी बांधविलेल्या आणि १९१२ साली पुरे झालेल्या खासबाग मैदानात त्यांनी दहा-बारा कुस्त्या केल्या होत्या; त्यांतल्या निम्म्या हरलो, असे ते स्वतःच सांगत. उरलेल्या निम्म्यांविषयी ते बोलत नसत. तालमीतून निवृत्त झाल्यावरही पहाटे उठून हौद्यातली माती खणायला जात. अशा माणसासमोर १९९२-९३च्या सुमारास आम्ही भाचेमंडळींनी दुबईहून आलेली एक व्हिडिओ कॅसेट लावण्याचा अगोचरपणा केला. तेव्हा केबल टीव्ही नुकताच घरोघर येत होता आणि अमेरिकन पहिलवानांची वजने-उंची छापलेले पत्ते खेळण्यात आमच्या सुट्ट्या जात. कॅसेटवर ‘रेसलमेनिया’चा तिसरा मेळा होता. मामा भिंतीला टेकून बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, “नुरा हाय रं ही. बंद करा.” आम्ही बंद केली नाही, आणि तेही उठले नाहीत.

त्या मेळ्याची हकीकत सांगायची तर आधी तो मांडणाऱ्याची सांगितली पाहिजे. अमेरिकेत या धंद्याची जुनी रीत जहागिरदारीसारखी होती. एकेका प्रांताचा एकेक ठेकेदार. त्याने आपल्या मुलखात खेळ करावा, दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकू नये, असा अलिखित करार. व्हिन्सेंट मॅकमहन नावाच्या तरुणाने १९८२ साली आपल्या वडिलांकडून ईशान्येकडची जहागीर विकत घेतली आणि तो करार धाब्यावर बसविला. इतरांचे नामांकित मल्ल फोडले, केबलवरून देशभर आपले खेळ दाखविले. ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पहिला रेसलमेनिया भरविला. तो बहुतेकांनी पाहिला तो ‘क्लोज्ड सर्किट’ पद्धतीने, म्हणजे आपापल्या गावच्या नाट्यगृहात तिकीट काढून, मोठ्या पडद्यावर. घरच्या दूरचित्रवाणीवर एका खेळापुरते पैसे भरून तो पाहावयाचा, ही ‘पे-पर-व्ह्यू’ची तऱ्हा त्या वेळी अगदी बाल्यावस्थेत होती. १९८७ सालचा तिसरा मेळा दोन्ही वाटांनी पोहोचला, आणि पुढे या धंद्याची पोळी ज्या तव्यावर भाजली गेली तो तवा खरा तापला तो त्या दिवशी.

जागाही मोठी नामी निवडली होती. पाँटिॲकचे सिल्व्हरडोम हे १९७५ साली उघडलेले फुटबॉलचे प्रेक्षागार; त्याचे छप्पर कापडी, आणि ते खांबांवर नव्हे तर आत कोंडलेल्या हवेच्या दाबावर उभे. आखाडा प्रवेशद्वारापासून इतका लांब की मल्लांना चालत आणण्याऐवजी मोटारीवर चढविलेल्या इवल्याशा रिंगणातून मिरवीत आणले. आमच्या मामांना कॅसेटमधली हीच एक गोष्ट पहिल्या झटक्यात पसंत पडली. “जत्रेत पालखी असती तसं,” असे ते म्हणाले.

प्रेक्षक किती होते? मॅकमहनच्या मंडळींनी आकडा जाहीर केला ९३,१७३. पुढे डेव्ह मेल्टझर या कुस्ती-पत्रकाराने खोदून काढले की खरा आकडा ७८ हजारांच्या आसपास असावा. यावर तिकडे पानिपतच्या सैन्यसंख्येवर व्हावेत तसे वाद झाले आहेत. मला या वादाची मौज वाटते. बखरकाराने फौजेचा आकडा फुगवावा आणि संशोधकाने कागद काढून तो उतरवावा, हा आपल्या परिचयाचाच प्रकार. फरक इतकाच की आपला बखरकार कैक वर्षांनी लिहीत असे. इथे बखर त्याच संध्याकाळी ध्वनिक्षेपकावरून वाचली गेली. आणि ७८ हजार म्हणजे तरी काय थोडे झाले? पण खोटे बोलण्याची सवय लागलेल्या धंद्याला पुरेसे असलेले सत्यही अपुरे वाटते.

त्या दिवशी बारा लढती झाल्या. बहुतेकींविषयी लिहिण्याजोगे काही नाही. विदूषकी, हाणामारी, एकाचे केस भादरणे. त्यांतली एक मात्र निराळी. रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. ती पंधरा मिनिटांचीही नव्हती, पण तेवढ्यात एकाचे खांदे जमिनीला टेकले-टेकले म्हणेपर्यंत सुटावेत, मग दुसऱ्याचे, असे इतक्या वेळा झाले की समालोचकांना श्वास पुरेना. शेवटी सॅव्हेज स्टीमबोटला उचलून आपटू पाहतो आणि स्टीमबोट त्याचे पाय नि मान एकत्र कवळून त्याची गठडी वळतो. सॅव्हेज हा विलक्षण काटेकोर गृहस्थ. त्याने या लढतीतील प्रत्येक हालचाल आधी कागदावर क्रमवार उतरविली होती, आणि दोघे ती एकमेकांना पाठ म्हणून दाखवीत. इतर मल्ल याला हसत, कारण त्या धंद्यात शेवट तेवढा ठरवायचा आणि बाकीचे आखाड्यात जमेल तसे रचायचे, अशी चाल होती. मामांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती लढत पाहताना ते प्रथमच पुढे सरकून बसले, आणि संपल्यावर म्हणाले, “पोरं घासून आल्याती.” एखाद्या नाटकाच्या तालमीविषयी बोलावे तसे ते बोलले, आणि त्यात तुच्छता नव्हती. मराठीत नाटकवाले आणि पहिलवान दोघेही ‘तालीम’ हाच शब्द वापरतात, हे त्या क्षणी मला प्रथम जाणवले.

आता मुख्य जोड. एका बाजूला हल्क होगन, पिवळ्या पोशाखातला, पिळदार, पोराबाळांचा लाडका विजेता. दुसऱ्या बाजूला आंद्रे द जायंट. आंद्रे रुसिमॉफ हा मूळचा फ्रान्सचा. १९ मे १९४६ रोजी तो पॅरिसच्या पूर्वेकडील कुलोमिए गावी जन्मला. त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून वाढीचा रस अमर्याद स्रवत असे. त्यामुळे हाडे वाढतच राहिली, हातपाय, जबडा, कपाळ, सारेच. जाहिरातीत त्याची उंची सात फूट चार इंच आणि वजन ५२० पौंड, म्हणजे सुमारे २३६ किलो, सांगितले जाई. उंची थोडी फुगवलेली होती. पण तो शेजारी उभा राहिला की होगनही मधल्या चणीचा दिसे, यात काही लबाडी नव्हती.

कथानक असे रचले होते: आंद्रे पंधरा वर्षे अजिंक्य, त्याला कोणी कधी उचलून आपटलेले नाही, आणि होगन त्याचा जिवलग मित्र. एका समारंभात होगनला मोठा करंडक मिळतो, आंद्रेला धाकटा. मत्सराने तो बॉबी हीनन या कपटी सल्लागाराच्या नादी लागतो आणि मित्राचा सदरा फाडून गळ्यातला क्रूस तोडतो. शकुनी असल्याशिवाय महाभारत होत नाही, हे त्यांनाही कळते. यातले ‘अजिंक्य’ हे साफ खोटे. १९८६च्या जूनमध्येच जपानात नागोया येथे अँटोनिओ इनोकीने आंद्रेला शरण आणविले होते. ‘कोणी उचलले नाही’ हेही खोटे. १९८० साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये खुद्द होगननेच त्याला उचलून टाकले होते. पण वर्तमानपत्रे ते छापीत नव्हती, आणि सात वर्षे म्हणजे अशा प्रेक्षकांच्या स्मरणाला सात पिढ्या.

खरे होते ते निराळेच. वाढत्या हाडांनी आंद्रेचा कणा आणि गुडघे निकामी होत चालले होते. १९८६ साली त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी त्याने घातलेल्या काळ्या पोशाखाखाली पाठीला आधार देणारा पट्टा आवळलेला होता. तो वाकू शकत नव्हता, धावू शकत नव्हता. लढत झाली सुमारे बारा मिनिटांची, आणि तिचा बराचसा भाग तो होगनला मिठीत आवळून नुसता उभा आहे.

इथे मामा एकाएकी बोलू लागले. सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला जातो आणि आंद्रे त्याच्या अंगावर कोसळतो, तेव्हा ते म्हणाले, “ह्या दांडग्याची पाठ गेलीया.” आम्ही हसलो. “हसू नगा. दोरी धरून उठतोय बघा. एक हात कायम दोरीवर.” त्यानंतर आम्हालाही तेच दिसू लागले, आजही कॅसेट पाहिली तर मला होगन दिसत नाही, तो हात दिसतो. अखेर होगन त्याला धक्क्याने खाली पाडतो, मग उठल्यावर उचलून आपटतो, पायाचा आघात करतो, पंच तीन मोजतो. सारे प्रेक्षागार उभे राहते. मामांनी कॅसेट मागे घ्यायला लावली. दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, “ह्यानं उचललं न्हाई त्याला. त्यो स्वतः चढला.”

पेशाने वकील असलेला मी पुढे अनेक वर्षांनी हा प्रश्न साक्षीपुराव्यानिशी तपासला. होगन शेवटपर्यंत सांगत असे की आंद्रे आपल्याला पाडू देईल की नाही, याची आखाड्यात उतरल्यावरही आपल्याला खात्री नव्हती. होगनची साक्ष जपून घ्यावी लागते. त्याच्या तोंडी आंद्रेचे वजन दर मुलाखतीत वाढत गेले. पण या एका मुद्द्यावर त्या काळचे इतर मल्ल त्याच्याशी सहमत आहेत: आंद्रेच्या मनाविरुद्ध आंद्रेला कोणी जमिनीवर आणू शकत नसे. निकाल मॅकमहनने ठरविला असेल, पण त्यावर अंगठा उठविला तो आंद्रेने. आपले शरीर आता फार दिवसांचे सोबती नाही हे जाणणाऱ्या माणसाने, आपली सारी पुण्याई एका संध्याकाळी दुसऱ्याच्या नावे करून दिली.

मॅकमहनच्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ म्हणजे केवळ करमणूक असल्याची कबुली दिली. खेळांवरची सरकारी देखरेख आणि कर टाळावयाचा होता. आंद्रे २८ जानेवारी १९९३ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेतच गेला. वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो मायदेशी आला होता. सॅव्हेज २०११ साली गेला, हीनन २०१७ साली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सिल्व्हरडोम सुरुंग लावून पाडले. पहिल्या दिवशी ते पडलेच नाही, दुसऱ्या दिवशी पडले. होगन २४ जुलै २०२५ रोजी फ्लोरिडात वारला. स्टीमबोट आहे.

मामांविषयी एक राहिले. त्या रात्री जेवणे झाल्यावर, गॅलरीत सुपारी कातरीत, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती हयातीत कोणाला सांगू नको असे बजावले. त्यांच्याच तालमीतले एक पोर होते. एका जत्रेत ऐनवेळी जोड मिळेना, म्हणून वस्तादांनी या दोघांची लावली. मामा तेव्हा पस्तिशीला आलेले. पोराने पट काढला तेव्हा मामांना त्यातून सहज सुटता आले असते. सुटले नाहीत. पोराला फेटा बांधला, हलगी वाजली, आणि त्या फेट्यावर त्याची पुढची दहा वर्षे निघाली. त्याला ते कधी कळले नाही. “वस्तादांस्नी कळलं व्हतं,” मामा म्हणाले. “सहा महिनं बोललं न्हाईत माझ्याशी.”

“मग तुम्हांला वाईट वाटलं?” मी विचारले.

त्यांनी उत्तर दिले नाही. ते आत गेले आणि आम्हांला कॅसेटचा शेवट पुन्हा लावायला सांगितला. कुस्तीचा नव्हे, कुस्तीनंतरचा. हरलेला आंद्रे त्या इवल्या गाडीत बसून परत निघालेला असतो, शेजारी हीनन. दुतर्फा लोक हुर्यो करताहेत, हातात येईल ते गाडीवर भिरकावताहेत. आंद्रे समोर पाहतो आहे. गाडी दाराशी जाऊन चित्र बदलेपर्यंत मामा पाहत राहिले, आणि मग म्हणाले, “मागं घे. पुन्यांदा लाव.”