रोमांची भटकंती: रक्तातली की हुकमातली?

भटकणं रोमा लोकांच्या रक्तातच आहे, ही समजूत युरोपाइतकीच आपल्याकडेही पक्की आहे. हे लोक मूळचे भारतातले, म्हणून आपण तिला अभिमानाची फोडणीही देतो. मूळ भारतातलं, यात वाद नाही. रोमानी भाषेचा गाभा भारतीय आर्य कुळातला आहे. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी 1926 मध्ये तिचं मूळ नातं मध्यदेशीय भाषांशी असल्याचं दाखवलं. पण याच भाषेत घराला ‘खेर’, गावाला ‘गाव’, दाराला ‘वुदार’ म्हणतात. रस्त्याला मात्र ‘द्रोम’, आणि तो ग्रीकांकडून घेतलेला. एवढ्यावरून त्यांचे पूर्वज शेतकरी होते असं कुणी ठरवू नये. उपजत भटकेपणाला मात्र यातून आधार मिळत नाही.

आता इतिहास. आजच्या रोमानियातल्या वालाकियात, 1385 च्या एका दानपत्रात, तिस्माना मठाला रोमांची 40 कुटुंबं गुलाम म्हणून दिल्याची नोंद आहे. वालाकिया आणि मोल्दावियातली ही गुलामगिरी कायद्याने संपली ती 1855-56 मध्ये. राजाच्या काही गुलामांना फिरून धंदा करायची मुभा होती, तीही कर भरून. बाकीचे मठांच्या नि सरदारांच्या मालकीचे.

‘पण फिरते तांडे होते ना?’ होते. सुटका झाली तेव्हा जमीन हाती आली नाही. तांबटकाम करणारे कालदेराश पश्चिमेकडे पांगले. त्याआधीच, 1530 मध्ये, इंग्लंडने रोमांना देश सोडायला फर्मावलं होतं. मुक्काम हाच गुन्हा ठरला, तर माणूस करणार काय?

स्पेनचं उदाहरण तर या समजुतीच्या मुळावरच येतं. तिथे 1499 पासून रोमांना हुकूम होता, की स्थायिक व्हा नाहीतर चालते व्हा. 1717 आणि 1746 मध्ये त्यांनी कुठे राहायचं त्या गावांच्या याद्याही निघाल्या. अनेकांनी मुकाट्याने ऐकलं. मग 30 जुलै 1749 ला, मंत्री असलेल्या एन्सेनादाच्या मार्क्विसच्या योजनेनुसार, एकाच वेळी देशभर धरपकड झाली आणि हजारो लोक पकडले गेले. पुरुष नौदलाच्या गोद्यांत वेठीला, बायका-मुलं वेगळ्या कोठड्यांत. हाती लागले ते मुख्यतः घर करून राहिलेले. त्यांचे पत्ते सरकारजवळच होते! शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला 1760 चं दशक उजाडलं.

‘रक्ता’चा हा सिद्धांत नाझींच्या काळात वंशसंशोधक रॉबर्ट रिटरने शास्त्र म्हणून मांडला आणि हजारो रोमा नि त्यांच्यातलेच सिंती आउश्वित्झला पोचले. युद्धानंतर तरी तो मोडीत निघायला हवा होता. पण तसं झालं नाही. मे 1940 मध्ये जर्मनीतून सुमारे अडीच हजार जणांना पोलंडमध्ये हाकललं गेलं होतं. त्यांच्या भरपाईचा प्रश्न आला तेव्हा, 1956 मध्ये, पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ती कारवाई वंशद्वेषातून नव्हे, गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी होती. आणि हे लोक स्थिरावायला विरोध करतात, हे कारणही सोबत जोडलं. 1963 मध्ये त्याच न्यायालयाने भूमिका काहीशी बदलली. तोवर कित्येकांचे दावे फेटाळून झाले होते.