‘आयएसएल’ची कोणती आवृत्ती वाचायची? डेटा सायन्सच्या या पुस्तकात नेमकं काय बदललं?

डेटा सायन्स शिकायचं ठरवलं की कुणीतरी एका पुस्तकाची पीडीएफ पाठवतंच. ‘ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ म्हणजेच ‘आयएसएल’. गॅरेथ जेम्स, डॅनिएला विटन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिबशिरानी हे त्याचे लेखक. पण आलेली पीडीएफ कोणत्या आवृत्तीची आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली आवृत्ती २०१३ची, दुसरी २०२१ची. दोन्हींतला कोड ‘आर’ या भाषेत आहे. २०२३ मध्ये पायथनची आवृत्ती आली आणि जोनाथन टेलर पाचवे लेखक झाले.

पहिल्या आवृत्तीत १० प्रकरणं होती, दुसरीत १३ झाली. डीप लर्निंग, सर्व्हायव्हल ॲनालिसिस आणि मल्टिपल टेस्टिंग ही नवी भर. त्यामुळे क्रमांकही सरकले. ‘दहावं प्रकरण वाचून या’ असं सांगितलं, तर जुनं पुस्तक उघडणारा क्लस्टरिंग वाचेल आणि नवं उघडणारा डीप लर्निंग!

खरी मेख मात्र उदाहरणांमध्ये आहे. क्रेडिट कार्डाच्या ४०० ग्राहकांचा एक डेटा पुस्तकात आहे. जुन्या आवृत्तीत त्यात लिंग आणि वंश असे रकाने होते. पुरुषांची सरासरी थकबाकी ५०९.८० डॉलर, महिलांची त्याहून १९.७३ डॉलर जास्त, असं उत्तर यायचं. नव्या आवृत्तीत आकडे अगदी तेच आहेत, फक्त ‘महिला’च्या जागी ‘स्वतःचं घर असलेले’ आलेत. वंशाच्या जागी प्रदेश आला. हे कसं शक्य आहे? कारण हा डेटा मुळात खरा नाही, शिकवण्यासाठी तयार केलेला आहे. म्हणजे जुनी पीडीएफ वाचून ‘महिला जास्त उधारी करतात’ अशी पोस्ट टाकणाऱ्याने जरा थांबावं. शिवाय हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकतही नाही.

बॉस्टनमधल्या घरांच्या किमतींचा डेटा मात्र खरा आहे, ५०६ भागांचा. त्यात कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला एक रकाना होता. दुसऱ्या आवृत्तीत तो वगळला आणि किमतीचा अंदाज बांधणारे घटक १३ वरून १२ झाले. त्यामुळे जुनं पुस्तक समोर ठेवून नव्या ‘आयएसएलआर२’ पॅकेजमधला डेटा वापरला, तर सगळे घटक घेऊन केलेल्या रिग्रेशनचं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. नवखा विद्यार्थी स्वतःच्या कोडमधली चूक शोधत तासन्‌तास घालवतो, आणि कोड बरोबरच असतो.

मग जुनी आवृत्ती टाकून द्यायची का? रिग्रेशन, क्लासिफिकेशन, डिसिजन ट्री यांच्या मूळ संकल्पना समजायला ती आजही पुरेशी आहे. कोड चालवून पाहायचा असेल, तर ‘आर’साठी दुसरी आणि पायथनसाठी २०२३ची आवृत्ती घ्यावी. या दोन्हींच्या पीडीएफ लेखकांच्या अधिकृत वेबसाइटवर मोफत मिळतात. फॉरवर्ड होऊन आलेली फाइल असेल, तर आधी मुखपृष्ठावरची आवृत्ती पाहून घ्यावी.