निवडुंगावरचा पांढरा कापूस



आपल्याकडे ‘निवडुंग’ हे एकच नाव दोन अगदी वेगळ्या झाडांना चिकटलं आहे. त्रिधारी निवडुंग इथलाच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र परका, मूळचा अमेरिका खंडातला. त्याला चीक नाही, चपटे फड एकावर एक फुटत जातात आणि लाल बोंडं धरतात. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. तो निवडुंग यांतला कोणता, हे विचारायची मला फार इच्छा आहे, पण विचारू कुणाला?

हे सगळं शोधायची वेळ आली ती मावशीच्या वाडीमुळे. वाडी माझ्या नावावर झाली, पण झाडांची माहिती मावशीबरोबरच गेली. रिठा, अडुळसा, सीताफळ मी ओळखले. दोन वेली फुलल्यावर कळल्या. कुंपणालगतचं झुडूप फड्या निवडुंगाचं, हेही कळलं. कळेना ते त्याच्या फडांवर जागोजागी चिकटलेलं पांढरं, कापसासारखं काहीतरी. शेजारचे काका म्हणाले, बुरशी आहे, औषध मारा, नाहीतर सीताफळावर जाईल. मग एक मोडका फड बाजूला ओढताना गड्याचा हात लालभडक झाला. “वैनी, झाडाला रगत आलंय!” तो घाबरून ओरडला.

ते रक्त झाडाचं नव्हतं. त्या कापसाखाली किडे होते, आणि त्या किड्यांचा इतिहास मेक्सिकोपासून कलकत्त्यापर्यंत पसरला आहे.

किड्याचं नाव कोचिनील. मादीला पंख नसतात. ती सोंड रुतवून एका जागी बसते आणि अंगावर पांढरं मेण पांघरते. तिच्या अंगात गडद लाल रंग असतो. मेक्सिकोतले लोक फार पूर्वीपासून हे किडे निवडुंगावर पाळत, वाळवत आणि त्या रंगात कापड रंगवत. स्पॅनिश लोक तिथे पोहोचले आणि त्यांनी या रंगाचा मोठा व्यापार मांडला. युरोपात वाळलेले दाणे पोहोचत, त्यामुळे ते बी आहे की जीव, यावर तिथे कितीतरी वर्षं वाद चालला. एक पौंड वाळलेल्या कोचिनीलसाठी सुमारे सत्तर हजार किडे लागत, असा हिशेब सांगितला जातो. हा आकडा वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं.

ईस्ट इंडिया कंपनीलाही तो रंग हवा होता. मद्रासमध्ये कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १७८०च्या दशकात त्यासाठी लंडनच्या सर जोसेफ बँक्स यांना पत्रांवर पत्रं लिहिली आणि निवडुंगाची बागच लावली. १७९५ साली कॅप्टन नीलसन नावाच्या माणसाने ब्राझीलच्या रिओ दे जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले. खरा कोचिनील समजून आणलेला हा किडा निघाला त्याचा रानटी भाऊबंद. रंग हलका, उतारा कमी. धंदा बसला नाही, पण किडा बसला! एका जातीचा निवडुंग त्याने मोठ्या प्रदेशातून जवळजवळ संपवला.

तेव्हा साहेबांच्या डोक्यात उलटा विचार आला. १८३६ ते १८३८ या काळात तोच किडा दक्षिणेत मुद्दाम सोडला गेला, रंगासाठी नाही, माजलेला निवडुंग मारण्यासाठी. तण मारायला मुद्दाम किडा सोडण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानतात. दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला मात्र तो तोंड लावेना. तेव्हा १९२६ साली सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेहून, कोचिनीलची आणखी एक जात दक्षिण भारतात आणली आणि तिने तेही काम केलं. माणसाने आधी रंगासाठी किडा मारायचा ठरवलं, मग झाड मारायला त्याच किड्याला कामाला लावलं. दोन्ही वेळा त्या जीवाचा विचार कुणी केला नाही.

आपल्या घरात हा प्रश्न पुस्तकी नाही. झाड स्थावर जीव, किडा त्रस जीव. फवारा मारला तर हजारो त्रस जीव जातात, नाही मारला तर झाड वाळतं. माझा निर्णय एका साध्या माहितीने सोपा केला: कोचिनील निवडुंगाच्या कुळावरच जगतो. सीताफळाला त्याचा धोका नाही. सीताफळावर, जास्वंदीवर जो पांढरा थर दिसतो तो पिठ्या ढेकूण, हा वेगळा किडा, आणि तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. दोघांना एक समजून सरसकट औषध मारलं जातं. मी मारलं नाही. त्या कडेला आता कुणी पाय ठेवत नाही, एवढीच व्यवस्था केली.

तो रंग मात्र अजून बाजारात आहे. खाण्याच्या परदेशी पाकिटांवर तो ई १२० किंवा कार्माईन म्हणून लिहिलेला असतो, आणि लिपस्टिकच्या डबीवर सी. आय. ७५४७० या आकड्याने. पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची आपल्याला सवय आहेच, लाल-गुलाबी रंगाच्या वस्तू घेताना हे दोन आकडेही पाहून घ्या.